कोपऱ्याचं ठिगळ

मोताळ्याच्या इंद्रभान गवईंनी चौतीस वर्षं विजेचे खांब सांभाळले. लाइनमन म्हणून लागले तेव्हा ते खांबावर खारीसारखे चढत, आणि निवृत्त झाले तेव्हाही चढतच होते. फक्त खाली उतरल्यावर गुडघ्यांची थोडी मनधरणी करावी लागे. घरी बसल्यावर त्यांना करमेना. मग त्यांची पुतणी रेणुका, जी शाळेत खेळ शिकवते, तिनं काकांना आपल्या डोंगर हिंडणाऱ्या मंडळीत ओढलं. महिन्यातून एकदा दहा-बारा जण पाठीवर बिऱ्हाड बांधून निघायचे, डोंगरावर एक मुक्काम करायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे.

तिथं इंद्रभानांना वजनाचं वेड लागलं. पाठीवर ओझं जितकं कमी तितका माणूस शहाणा, असं त्यांच्या डोक्यात बसलं. बायको जनकाबाईंचा पापडाच्या पिठाचा छोटा वजनकाटा त्यांनी ताब्यात घेतला. टॉवेल मोजला, चमचा मोजला. शेवटी दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापली.

"दात बी अर्धे काढून ठेवा," जनकाबाई म्हणाल्या. "तेवढंच हलकं."

इंद्रभानांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांच्या मनात मोठा बेत शिजत होता. विकतच्या तंबूत काही राम नाही, काठ्यांवर ताणायचं आपलं छत आपणच शिवायचं. मोबाइलवर सतरा व्हिडिओ पाहून ते बुलडाण्याहून पॅराशूटचं म्हणतात तसलं पातळ, सुळसुळीत कापड घेऊन आले. जनकाबाईंच्या शिलाई मशीनवर तीन दिवस बसले. या मशीनवर जनकाबाईंनी अर्ध्या मोताळ्याचे ब्लाऊज शिवले होते. पण तीन दिवस त्यांनी मशीनला हात लावला नाही. शेजारी बसून लसूण सोलत पाहत राहिल्या.

छत तयार झालं. दोरी बांधायला कडेकडेनं आठ ठिकाणी लुप्प्या लावल्या, पॅन्टला पट्ट्यासाठी असतात तशा. काट्यावर आकडा आला चारशे पन्नास ग्रॅम. इंद्रभानांची छाती फुगली.

जनकाबाईंनी एक कोपरा दोन बोटांत धरला. "लुप्पी नुसती कापडावर ठोकली तुमी. वारा आला का सारा जोर हिच्यावरच येईन. खाली एक ठिगळ द्या."

"ठिगळ?" इंद्रभानांना शब्दच झोंबला. "कोऱ्या कापडाले ठिगळ लावते का कोनी? अन् वजन वाढते ना त्यानं."

"मंग उसवू द्या."

"चार-चार टाके मारले म्या एकावर एक! खांबाच्या तारेवानी माहा ताण हाये तो. चौतीस वर्षांत म्या बांधलेला खांब पडला का कवा?"

"खांब लोखंडाचा होता," जनकाबाई म्हणाल्या आणि लसणाची सालं सुपात गोळा करून उठल्या.

पुढच्या शनिवारी मंडळी राजूर घाटाच्या वरच्या अंगाला मुक्कामी गेली. इंद्रभानांनी दोन काठ्यांवर छत ताणलं. सगळे जमले. कुणी हात लावून पाहिलं, कुणी फोटो काढला. इंद्रभान लुप्पी-लुप्पीची कहाणी सांगत होते. ऊन कलायला लागलं, चहा उकळत होता, आणि तेवढ्यात दरीतून वाऱ्याचा एक झोत वर आला. फार मोठा नव्हता. रेणुकाच्या डोक्यावरची टोपीसुद्धा उडाली नाही. पण छताच्या कोपऱ्यातून 'टर्र' असा आवाज आला, लुप्पी कापडाचा तुकडा घेऊन दोरीला लोंबकळत राहिली, आणि बाकीचं छत इंद्रभानांच्या डोक्यावर येऊन बसलं. ते आतल्या आत दार शोधू लागले.

"काका," रेणुका बाहेरून म्हणाली, "लाइन गेली का?"

सगळे पोट धरून हसले. आतून इंद्रभानही हसले, पण जरा उशिरा.

रविवारी घरी आल्यावर जनकाबाईंनी विचारलं, "कसं झालं?"

"झकास."

"छत?"

"छत बी झकास."

"बरं," म्हणून जनकाबाईंनी भाकरी वाढली. इतकं साधं 'बरं' त्या कधी म्हणत नसत. तेव्हाच इंद्रभानांना संशय यायला हवा होता.

सोमवारी त्यांनी छत पिशवीत कोंबलं, वर भाजीसाठी म्हणून दुसरी पिशवी घेतली आणि स्टँडकडच्या मेहबूबभाईंचं दुकान गाठलं. मेहबूबभाई ट्रकच्या ताडपत्र्या आणि सीटची कव्हरं शिवतात. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि फाटलेला कोपरा उजेडाकडं धरला.

"गवईभाऊ, हे फाटलं नाई. हे तुमी फाडलं."

"म्या?"

"हे पाहा ना. भोकाले भोक लागून राह्यलं. पोस्टाचं तिकीट कसं रेघेवर फाटते? तसं करून ठेवलं तुमी. चार डाव शिलाई मारली तं चार डाव भोकं पडली."

इंद्रभानांनी भोकांच्या रांगेवरून बोट फिरवलं. ही बाजू त्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

"मंग तुमी द्या ना नीट करून."

"माही सुई पाहा." मेहबूबभाईंनी मशीनची सुई दाखवली. ती सुई कसली, दाभणच होतं. "हे ताडपत्रीवालं काम नाई भाऊ. हे मलमलीचं काम, ब्लाऊज शिवनाऱ्याचं. घरात डॉक्टर बसेल हाये अन् तुमी गावभर दवाखाने हुडकून राह्यले."

"तिले सांगायचं म्हंजे…"

"हां, सांगायचं म्हंजे इज्जतीचा सवाल." मेहबूबभाईंनी मान हलवली. "माह्या घरी बी असंच हाये. पन एक सांगतो, इज्जतीले ठिगळ घरीच लागते. जा, चहा पिऊन जा."

इंद्रभान घरी आले. भाजीची पिशवी रिकामीच होती, हे त्यांना दारात आल्यावर कळलं. आत जनकाबाई मशीनपाशी बसल्या होत्या. मशीनवरची चादर काढलेली होती आणि बारीक सुई लावून तयार होती.

"भाजी?" त्यांनी विचारलं.

"चांगली नव्हती." इंद्रभान खाटेवर टेकले. "मी काय म्हनतो, त्या छताले थोडं रिइन्फोर्समेंट करावं म्हनतो."

"काय करावं?"

"रिइन्फोर्समेंट. व्हिडिओत दाखवलं."

"मले इंग्रजी येत नाई. त्याले आपल्यात काय म्हनतात?"

इंद्रभानांनी पंख्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. "ठिगळ," ते पुटपुटले.

जनकाबाईंनी मोबाइल उचलून त्यांच्यासमोर धरला. फोटो होता. मोकळा डोंगर, हसणारी माणसं, आणि मधोमध छताखाली झाकलेलं काहीतरी उभं, बुरखा घालून हरवलेल्या खांबासारखं. खाली रेणुकानं लिहिलं होतं, 'काकू, ओळखा पाहू.' फोटो शनिवारचा होता.

"तीन दिवस तुले माईत होतं?"

"मी कुठं काही म्हनलं? झकास झालं, तुमीच म्हनले."

मग काम सुरू झालं. उरलेल्या कापडातून जनकाबाईंनी आठ ठिगळं कापायला लावली, तीही इंद्रभानांकडूनच. त्यांनी चौकोन कापला तर टोकं गोल करायला लावली. "टोक ठेवलं का तिथूनच उसवते." कापडाची उभी-आडवी वीण छताच्या विणीशी जुळवायला लावली, म्हणजे ओढ पडली की दोन्ही सारखंच ताणेल. टाका लांब ठेवला, भोकं कमी पडावीत म्हणून. ठिगळाची कड आत दुमडून शिवली आणि त्याच्या मधोमध लुप्पीचा पाय तीन बोटं लांब ठेवून शिलाईच्या चौकटीत पक्का बसवला.

दुसरं ठिगळ होता होता इंद्रभान एकदम थांबले.

"अवं, हे तं ताणाच्या प्लेटीसारखं झालं!"

"म्हंजे?"

"खांबाची ताणतार आम्ही नुसती जमिनीत नाई खुपसत. खाली मोठी प्लेट पुरतो. जोर एका जागी न येता साऱ्या मातीवर पांगला पाह्यजे. हे कापड म्हंजे माती, अन् तुहं ठिगळ म्हंजे प्लेट!" त्यांचे डोळे लकाकले.

"चौतीस वर्षं प्लेटी पुरल्या," जनकाबाई दोरा तोडत म्हणाल्या, "अन् डोक्यात एक बी नाई उरली."

काट्यावर छत चारशे शहात्तर भरलं. इंद्रभानांनी सुस्कारा सोडला. "सव्वीस ग्रॅम वाढले." जनकाबाईंनी त्यांच्या खिशातून तंबाखूची डबी काढली आणि काट्यावर ठेवली. एकतीस.

"घ्या. पाच ग्रॅम फायदा."

डबी त्यांनी स्वतःच्या कमरेला खोचली आणि अंगणात येऊन छताचा एक कोपरा धरला. "ओढा. ड्युटीवर असल्यावानी ओढा." दोघांनी दोन टोकांनी असं ओढलं की गल्लीतली दोन पोरं कामधंदा सोडून पाहत उभी राहिली. ठिगळ हललं नाही. इंद्रभानांची चप्पल मात्र घसरली.

पुढच्या महिन्यात जनकाबाई म्हणाल्या, "मी बी येते. माही शिलाई वाऱ्यात कशी दिसते ते मले पाहायचं हाये."

त्या आल्या. वाटेत तीनदा बसल्या, दोनदा आपलं सामान टाकून इंद्रभानांच्या पाठीवरची पिशवी जड केली आणि एकदाही दमले म्हणाल्या नाहीत. वर पोचल्यावर छत ताणलं. दुपारी वारा सुटला, मागच्या वेळेपेक्षा चांगला दणकून. कापड फडफडलं, दोऱ्या गुणगुणल्या, आठही लुप्प्या जागच्या जागी राहिल्या. लोक वाकून वाकून कोपरे पाहू लागले. एकानं स्वतःचं छत आणून दाखवलं, दुसऱ्यानं ठिगळाचं माप विचारलं. जनकाबाईंनी बोटानं माप दाखवलं, पाणी प्यायल्या, आणि छताच्या सावलीत जरा पाठ टेकते म्हणून आडव्या झाल्या.

छत एका माणसापुरतं शिवलेलं होतं. जनकाबाई हातपाय पसरून झोपल्या, तेव्हा इंद्रभानांना आत जागाच उरली नाही. ते बाहेर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून बसले.

तासाभरानं रेणुका हाक मारत आली. "काका, पुढच्या टेकाडावर चाललो सारे. येता ना?"

इंद्रभानांनी ओठांवर बोट ठेवलं आणि छताकडं खूण केली. कोपऱ्यातली एक दोरी वाऱ्यानं किंचित सैल पडली होती. ते उठले, आवाज न करता खुंटी पुढं सरकवली, ताण नीट केला आणि पुन्हा जागेवर येऊन बसले.