पट्टीवरचं पाणी

कार्ड घातलं की श्यामलालचा फोन मुका व्हायचा. घंटी नाही, भजन नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी आणि कोपऱ्यात वाढत जाणारा एक आकडा. कार्ड काढून सुरू केला की तोच फोन पूर्वीसारखा बोलायला लागायचा. "माहा फोन माहाच राह्यला पायजे," असं त्याने रेणूला पहिल्या दिवशीच बजावलं होतं, आणि तिने ते पाळलं होतं.

रेणू त्याची मुलगी. तिरोड्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होती. रोज बसने जायची, संध्याकाळी गावी परतायची. फोन तिला पाणी मोजायला हवा होता.

गावाचा तलाव मालगुजारीच्या काळातला. त्याचं पाणी पाळीने मिळतं, आणि श्यामलालची पाळी शनिवारची, सकाळी सात ते दुपारी बारा. त्याचं शेत नहराच्या शेवटी. या वर्षी धानाच्या लोंब्या निसवायच्या वेळेला खालची बांधी, म्हणजे बांधाने वेढलेला शेताचा तुकडा, भेगाळली. रेणूने बैठकीत विचारलं. पाणी समितीचा अध्यक्ष नंदलाल, तलावाच्या दरवाजाची चावीही त्याच्याचकडे. तो म्हणाला, "मी तं पूरं पानी सोडलो. आता रस्त्यात कोन पेलं, मले काय मालूम? तुमची म्हैस पेली असन."

लोक हसले. रेणू म्हणाली, "शनिवारी तुम्ही दरवाजा मधेच पाडता. पुढच्या बैठकीत मोजून दाखवते."

तीस माणसांसमोर म्हणाली. आता दाखवलं तर नंदलालची चावी जाणार होती. नाही दाखवलं तर रेणूच्या शब्दाला या गावात काही वजन उरणार नव्हतं.

शेताच्या तोंडाशी एक मोरी आहे, पायवाटेखालून नहराचं पाणी नेणारी; डावं तोंड श्यामलालच्या शेतात, उजवं शेजारच्या. डाव्या तोंडाजवळच्या भिंतीवर तिने सेंटिमीटरची पट्टी रंगवली आणि समोरच्या पळसाला फोन बांधला. दर दहा मिनिटांनी एक फोटो, एवढंच काम. पण फोनची मूळ सिस्टिम बॅटरी वाचवायच्या नादात तासाभरात तिचा प्रोग्राम बंद पाडायची. म्हणून तिने त्या जुन्या मॉडेलसाठी काही हौशी लोकांनी तयार केलेली लिनक्स ही वेगळी सिस्टिम शोधली आणि मेमरी कार्डावर चढवली. फोन सुरू होताना आधी कार्डात बघायचा. तिथे सिस्टिम सापडली तर तीच उठवायचा, नाही तर आपली. कॉल त्यात चालत नव्हते. कॅमेरा चालवायला तीन आठवडे गेले.

बुधवार, शुक्रवार आणि शनिवार फोन पळसाला असायचा. इतर दोन वार तुलनेसाठी होते. उरलेले दिवस तो श्यामलालच्या खिशात आणि कार्ड देवळीतल्या डबीत. फोटो तिने उघडून पाहिले नव्हते. अर्धवट आकडे बघून मत बनवायचं नाही, ही तिची सवय होती. चार आठवडे पूर्ण झाले की सगळे एकदम बघायचे.

चौथ्या आठवड्यानंतरच्या सोमवारी ती घरी आली तेव्हा अंगणात दंडार वाजत होती, दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, होणाऱ्या नाटकाची गाणी. ढोलकी, झांजा, बायकी आवाजातला एक गडी. खाटेवर श्यामलाल, त्याच्या छातीवर फोन. तिने देवळीकडे पाहिलं. डबी उघडी होती.

"बाबा, यात कार्ड आहे?"

"हाव. बजारात मेमरी भरून आनलो. मंडई आली ना आता. अडीचशे गाने देल्लन त्यानं."

कार्ड आत होतं आणि फोन गात होता. म्हणजे कार्डात आता सिस्टिम नव्हती. तिने तरी फोन हातात घेऊन पाहिलं. नंतर दुकानाचा नंबर मागितला. गाणी भरून देणाऱ्या मुलाचं नाव प्रफुल होतं.

"मॅडम, वो कार्ड तो करप्ट था," तो म्हणाला. "लावल्याबरोबर कंप्युटरनं सांगितलं, फॉरमॅट करा. मी ओके दाबलं. काकाजीला विचारलं पण, ते म्हणाले, भर."

"ते करप्ट नव्हतं. तुमच्या कंप्युटरला वाचता येत नव्हतं."

"तेच तं मॅडम. सेम बात."

तिने फोन ठेवला.

"काही बिघडलं का?" श्यामलालने विचारलं.

"पट्टीचे फोटो होते त्यात. नंदलालकाकांना दाखवायचे होते."

तो उठून बसला. गाणं त्याने बंद केलं नाही, बोटाने आवाज मात्र कमी कमी करत शून्यावर आणला. "मले वाटलं, ते फोन मुका कराचं कार्ड होय," तो म्हणाला. "घरात एकच तं कार्ड होतं."

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसलं जातं असं नाही. अनुक्रमणिका फाडली जाते, पानं राहतात. ज्या पानांवर नवीन काही लिहिलं गेलं तेवढीच खरी जातात. अडीचशे गाण्यांनी कार्डाचा एक भाग व्यापला होता. बाकीच्या भागातून तिने दोन संध्याकाळी लॅपटॉपवर फोटो वेचले. सातशेच्या वर हवे होते, चारशे अकरा मिळाले. नावं गेली होती. तारीख आणि वेळ तिने फोटोच्या नावातच लिहिली होती, त्यामुळे तीही गेली. पट्टी होती, पाणी होतं. ते कोणत्या दिवशीचं, हे सांगणारं काही नव्हतं.

वेळ काढता आली. पळसाच्या फांदीची सावली भिंतीवर पडत होती. सकाळी पट्टीच्या डावीकडे, दुपारनंतर उजवीकडे. वार मात्र सावलीवरून निघत नव्हता.

बुधवारी श्यामलाल चहा घेऊन तिच्या मागे उभा राहिला. बराच वेळ पडद्याकडे बघत होता.

"हे बकारामचे पाय," तो म्हणाला.

फोटोच्या वरच्या कडेला मोरीवरची पायवाट यायची. जाणाऱ्यांचे फक्त गुडघ्याखालचे पाय दिसत. रेणूने ते आतापर्यंत कापून टाकायचा भाग म्हणून धरले होते.

"कशावरून?"

"अंगठा पाह्य ना त्याचा, कसा फाकला. आन पायात वहान नाही. शनवारी तो अनवानी जाते मारुतीले. हा शनवार होय."

तिने खुर्ची सरकवली. "बसा."

तो बसला आणि सांगत गेला. या उदारामच्या शेळ्या. बुधवारी त्याची पोरगी चारते, म्हणून हा बुधवार, तो स्वतः असता तर काठी दिसली असती. हा लाल बूट जागेश्वरचा जावई. "शुक्रवारी येते सासऱ्याकडे कोंबडा खाले. बूट तं काढत नाही फुकटचंद." रेणू हसली नाही, पण तिने त्या फोटोपुढे शुक्रवार लिहिलं. दोन तासांत पाय दिसणारे शंभरेक फोटो वारांत वाटले गेले. जिथे त्याला ओळखता आलं नाही तिथे तो 'मालूम नाही' म्हणाला आणि तिने तो फोटो बाजूला ठेवला. साक्षीदार म्हणून तो चांगला होता.

मग एक फोटो आला. सावली डावीकडे, म्हणजे साडेनऊच्या आसपास. पाणी पट्टीच्या तळाशी. मोरीच्या डाव्या तोंडात एक पोतं कोंबलेलं, आणि वर दोन पाय. पाय रेणूलाही ओळखू आले असते, पण तिने आधी पोतं पाहिलं. त्यावर निळ्या अक्षरांत 'जय श्रीराम, खरीप, बियाणे' लिहिलेलं होतं. अक्षर तिचंच. घरातल्या प्रत्येक पोत्यावर ती धानाच्या जातीचं नाव आणि हंगाम लिहून ठेवते; जय श्रीराम ही त्यातलीच एक जात.

वार तिला माहीत नव्हता. श्यामलालने 'मालूम नाही' म्हटलं असतं तर तोही फोटो बाजूला गेला असता.

"हा शनवार," श्यामलाल म्हणाला. थोडं थांबून त्याने पुढच्या तीन फोटोंवर बोट ठेवलं. "हाही. हाही. हा पन."

"तुम्ही बंद केलं पाणी."

"बंद नाही केलो. उजव्या तोंडातून धुरपताच्या बांधीत देल्लो. अर्धी पाळी."

धुरपताबाईचं शेत मोरीला लागून. नवरा गेला, सातबारा दिराच्या नावावर राहिला, आणि पाळीची यादी सातबाऱ्यावरून बनते. धुरपताबाई यादीत नव्हती. नियमाने तिला परस्पर पाणी देणाऱ्याचीही पाळी कापली जाते.

"मला काऊन नाही सांगितलं?"

"तू पट्टीले विचारून राह्यली होतीस. मले कुठी विचारली?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "मले वाटलं, ते पट्टीचाच फोटो काढते. पाय येत असन, हे मालूम नव्हतं."

"आणि नंदलालकाकांवर मी आरोप केला, तेव्हा?"

चहा गार झाला होता. त्याने तो तसाच प्यायला.

रेणूने त्या रात्री एक कोरा कागद घेऊन हिशेब मांडला. चार शनिवार, सात ते साडेनऊपर्यंतचं पाणी, शेतातल्या सहा बांध्या. पाच भरत होत्या. सहावी नाही.

रविवारी बैठकीला लोक जरा जास्तच आले. नंदलालने चावी मुद्दाम समोर सतरंजीवर ठेवली होती. "हं, बोल बाई. कुठी आहे तुहा सिनेमा?"

"कार्ड बाजारात गेलं होतं," रेणू म्हणाली. "त्यात आता दंडारीची गाणी आहेत."

हसू ओसरेपर्यंत ती थांबली.

"जे फोटो वाचले, त्यावरून तुम्ही दरवाजा पाडत नव्हता, नंदलालकाका. पाणी मोरीपर्यंत पूर्ण येत होतं. मी चुकीचं बोलले होते."

नंदलालने चावी उचलली. तो काहीतरी टोमणा मारायच्या तयारीत होता, पण ती अजून उभीच होती.

"दुसरं. आमची शनिवारची पाळी अर्धी करा. साडेनऊनंतरचं पाणी धुरपताकाकूंच्या नावाने लिहा. यादी सातबाऱ्यावरून बनते, पण पाळीवाला आपली पाळी दुसऱ्याला लिहून देऊ शकतो. तसं नियमात आहे, पान तीनवर."

सतरंजीच्या कडेला बसलेल्या धुरपताबाईने मान वर केली नाही.

"काऊन?" नंदलाल म्हणाला. "तुम्हालेच पुरत नाही म्हनत होतीस ना?"

"मोजलं मी. एक बांधी सुटते. तिथं लाखोरी टाकू, त्या डाळीला पाणी लागत नाही."

नंदलालने तिच्या खांद्यावरून मागे, भिंतीला टेकून बसलेल्या श्यामलालकडे पाहिलं. श्यामलाल आपल्या पायांकडे बघत होता.

"बुढ्याले विचारली का?"

"लिव ना बाप्पा," श्यामलाल मान न उचलता म्हणाला. "आता कायले थांबला?"

नंदलालने रजिस्टर पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण दाताने काढलं.