विसरणं आणि थांबणं

प्रॉम्प्टरला एकच गोष्ट यावी लागते. नट थांबलाय की विसरलाय, हे ओळखणं. थांबला असेल तर आपण गप्प राहायचं, विसरला असेल तर पुढचे शब्द विंगेतून कुजबुजायचे. माझं अख्खं आयुष्य या कुजबुजण्यात गेलं, तरी ही गोष्ट मला जमते असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. छातीठोकपणे मला काहीच सांगता येत नाही, म्हणून तर विंगेत बसलो.

माझ्या पुतणीचं नेमकं उलट. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते, आणि जे वाटतं ते समोरच्याच्या तोंडावर सांगते. फक्त त्याच्या तोंडाकडे बघत नाही. तिला ऑटिझम आहे. त्याला कुणी ‘स्वमग्नता’ म्हटलं की ती वैतागते. “स्वतःत मग्न व्हायला मिळतंय कुठे? मला शेजारच्यांचा नळ गळतो तोसुद्धा ऐकू येतो.”

नवं नाटक आलं की मी घरी संहिता घेऊन नायकाची वाक्यं वाचतो आणि ती उरलेल्या सगळ्यांची कामं करते. अगदी खलनायकाचंही. खलनायक तिला आवडतो, कारण त्याला काय हवंय ते तो स्पष्ट बोलतो. पण नाटक वाचणं वेगळं, बघणं वेगळं.

या वेळी ती आईबरोबर बघायला आली. आमच्या नाट्यगृहाची तिसरी घंटा म्हणजे मढंही उठून बसेल अशी. त्यात एकदम काळोख झाला. पुतणीने कान झाकले आणि ती पुढेमागे डुलत गुणगुणायला लागली. ती असं करते तेव्हा स्वतःला सावरत असते. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मान वळवली. लगेच व्यवस्थापक टॉर्च घेऊन हजर. “ताई, जरा बाहेर बसता का? तुम्हालाच बरं वाटेल.” मग वहिनींच्या कानाशी, “अशांना कशाला आणता हो?”

पुतणीने पहिला अंक बंद दाराच्या बाहेरून ऐकला. मला हे मध्यंतरात कळलं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली, “काका, मला ते नाटक बघायचंय. माझ्या खुर्चीत बसून. शेवटपर्यंत.”

नाटक महिनाअखेर बंद होणार होतं.

“भावोजी, तुम्ही बोला सरांशी,” वहिनी म्हणाल्या. सर म्हणजे आमचे दिग्दर्शक.  मी बोलायचं? मोठ्याने? रात्रभर खपून मी एक भाषण लिहून काढलं. सकाळी पुतणीने ते वाचलं.

“यात तुम्ही तीन वेळा माफी मागितलीय. आपण केलंय काय?”

“अगं, तशी पद्धत असते.”

“आणि हे ‘उपकार होतील’? मी तिकीट काढणार आहे, काका. उपकार कसले? मीच बोलते. तुम्ही नुसते या.”

मेकअपच्या खोलीत सर आणि व्यवस्थापक बसले होते. पुतणी आरशाशेजारच्या खुंटीकडे बघत बोलू लागली. खुंटीवर खलनायकाचा कोट होता. “मला एक प्रयोग असा हवाय, ज्यात दिवे अर्धे चालू राहतील. घंटा नको. बंदुकीचा आवाज नको. दार उघडं ठेवा, म्हणजे कुणालाही उठून जाता येईल आणि परत येता येईल. टाळ्यांऐवजी हात हलवायचे. माझ्यासारखी बरीच माणसं आहेत. ती नाटकाला येत नाहीत, कारण त्यांना बाहेर काढलं जातं.”

“घंटेशिवाय नाटक?” व्यवस्थापकांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं.

सरांनी हनुवटी खाजवली. “ते सगळं ठीक आहे, पण बाकीच्या प्रेक्षकांचं काय?”

पुतणी गप्प झाली. कोटाकडे बघत राहिली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं.  आयुष्यभराची सवय, मी तिच्या मागून कुजबुजलो, “त्यांना बाकीचे प्रयोग आहेतच...”

ती काही बोलेना. मी आवाज चढवला. “म्हण ना, त्यांना बाकीचे...”

“काका,” ती म्हणाली, “मी विसरले नाहीये. थांबलेय.”

सर खो खो हसत सुटले. “अरे देवा! काका, नटांच्या थांबण्यात घुसता ते घुसता, आता इथेही?” माझे कान तापले.

पुतणी पुरेशी थांबली आणि मग म्हणाली, “बाकीच्या प्रेक्षकांना मी विचारलेलं नाही. तुम्हीही नाही. बाहेरच्या फलकावर लिहा, हा प्रयोग असा असा असेल. ज्यांना नको ते येणार नाहीत. आम्हाला तर कुणी आधी सांगतही नाही. आम्हाला ते तिकीट काढून आत बसल्यावर कळतं.”

एवढं चोख उत्तर माझ्या भाषणात नव्हतं.

“एक प्रयोग,” सर म्हणाले. “रविवारी सकाळी.”

“रिकामं राहील हो,” व्यवस्थापक पुटपुटले.

रिकामं राहिलं नाही, भरलंही नाही. पुतणीसारखी काही माणसं आली, कुणी कानांवर हेडफोन लावून, कुणी आवडती उशी घेऊन. तान्ही बाळं घेऊन आया आल्या. खोकल्याचा जुना त्रास असलेले एक आजोबा आले आणि मनसोक्त खोकले. घंटेऐवजी व्यवस्थापक ‘आता सुरू होतंय’ अशी पाटी घेऊन चवड्यांवर सगळ्या रांगांमधून फिरले. पहिल्या फेरीनंतर ते कारण नसताना आणखी एकदा फिरले. त्यांना ते आवडलं असावं.

मध्यंतरात नायक विंगेत येऊन धुसफुसला, “माझ्या स्वगतात तिघं उठून गेले!”

“परत आले ना?” सर म्हणाले. “एरवी लोक बसल्या जागी मनातल्या मनात उठून जातात. ते परत येत नाहीत.”

त्या तिघांत पुतणी होती. ती बाहेर दोन चकरा मारून आपल्या खुर्चीत येऊन बसली. या वेळी खुर्ची तिचीच राहिली होती.

दुसऱ्या अंकात नायक एका वाक्यानंतर थबकला. मी तोंड उघडलं. तोच तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “काका, तो थांबलाय! थांबा!”

मी तोंड मिटलं. नायक उभा. मी बसलेला. एक बाळ काहीतरी बडबडलं. नायकाच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघाला आणि मिशीपर्यंत आला. अखेर तो विंगेकडे वळून म्हणाला, “काका, विसरलो हो.”

सगळं नाट्यगृह हसलं. हात हवेत हलले. आणि मी, काय संचारलं होतं कुणास ठाऊक, ते वाक्य शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.

“मग तसं सांगायचं ना!” तिसरी रांग म्हणाली.

घरी आल्यावर वहिनींनी चहा टाकला. “कसं वाटलं गं?”

पुतणी कपाकडे बघत राहिली. चहावर साय धरली. वहिनी बोलायला गेल्या, “छान होतं ना? तुला आवड...” मी हात वर करून त्यांना थांबवलं.

“शेवट फुसका आहे,” अखेर ती म्हणाली. “पण तो मी माझ्या खुर्चीत बसून बघितला.” साय बोटाने बाजूला सारून तिने एक घोट घेतला. “पुढच्या नाटकालाही असा प्रयोग हवा. सुरुवातीपासूनच फलकावर लिहायला सांगायचं. उद्या सरांकडे जायचंय.”

“मी येऊ?”

ती थांबली. मीही थांबलो.

“या,” ती म्हणाली. “पण कुजबुजू नका. बोलायचं असेल तर मोठ्याने बोला.”