डावीकडचा आखूड दांडा

“रडणाऱ्या पोराकडे चालत गेलीस तरी चालेल, गप्प झालेल्याकडे मात्र धावत जा,” असं सासूबाईंनी तिला बाळंतपणाच्या तिसऱ्याच दिवशी बजावलं होतं. छत्तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईचं बोलणं, पण तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. शांततेला कोण घाबरतं? तिचा जीव घाबरा व्हायचा तो आवाजांनी. दार आपटलं, भांडं पडलं, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली की ही पाळण्याकडे बघायची. मुलगी दहा महिन्यांची, आणि झोप मांजराहून सावध.

सगळ्यात वाईट होता जिना. रोज पहाटे पाचला वरून कुणीतरी उतरायचं. ठक, सर्र. ठक, सर्र. एक पाऊल टेकायचं, दुसरं घासत यायचं. आठच्या सुमारास तोच आवाज परत वर चढायचा. माणूस तिने कधी पाहिला नव्हता. पहाटे पाचला दार उघडून बघायची हौस कुणाला असते? घर बदलून आल्याला जेमतेम आठ महिने झालेले. बरोबर डोक्यावरच्या चौथ्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात, हयातभर त्यांनी पुस्तकं बांधली आणि म्हणून सगळी इमारत त्यांना ‘बाइंडर’ म्हणते, एवढंच तिला माहीत होतं. शेवटी न राहवून तिने एक चिठ्ठी लिहिली आणि त्यांच्या दाराखालून आत सरकवली. ‘कृपया जिन्यावर पाय जरा हळू टाकाल का? खाली तान्हं बाळ आहे.’ शब्द गोड होते. पण चिठ्ठी ती चिठ्ठीच.

आणि काय सांगावं, चौथ्या दिवशी आवाज बंद! मुलगी साडेसहापर्यंत ढाराढूर.

“बघा आई, माणसं चांगली असतात. नीट सांगितलं की ऐकतात,” ती म्हणाली.

सासूबाई लंगोटांच्या घड्या घालत होत्या. “एका चिठ्ठीत? माझा मुलगा बत्तीस वर्षांत एकदा ऐकला नाही. हे आजोबा लिहून पाठवल्यावर ऐकतात म्हणजे नवलच.”

त्याच आठवड्यात नव्या चौकीदाराने तळघर साफ करायला घेतलं. फळ्यावर सूचना लागली: आपापल्या वस्तूवर आपल्या घराचा नंबर चिकटवा, रविवारनंतर नंबर नसलेली वस्तू बाहेर. लोकांची झुंबड उडाली. फुटक्या बादल्या, तीन पायांची टेबलं, उसवलेली गादी, सगळ्यांना नंबर लागले. सोमवारी कचऱ्याच्या पिंपांशेजारी बेवारस पडली होती ती फक्त एक सायकल. चौकीदाराने तिच्यावर एक कपाट टेकवलं होतं, त्यामुळे पुढचं चाक पापडासारखं वाकडं झालेलं आणि मडगार्ड चेपलेलं.

ती कचरा टाकायला खाली गेली आणि सायकल घेऊन वर आली.

“हे काय आणलंस?”

“सायकल.”

“ते दिसतंय. कशाला?”

“टाकली होती कुणीतरी.”

“उद्या कुणी नवरा टाकलेला दिसला तर तोही आणशील.”

“एक आहे तो पुरे आहे, आई. त्याचाच गंज अजून निघालेला नाही.”

थट्टा वेगळी, पण तिची नजर पक्की होती. सायकलच्या नळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथल्या सांध्यांना पिंपळपानासारखी टोकं काढलेली होती, आणि त्या टोकांच्या कडा कुणीतरी हाताने कानस मारून पातळ केलेल्या. आजकाल असं काम कोण करतं? कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला सगळे वस्ताद म्हणत. त्याने सायकल उलटी केली, रॉकेलच्या चिंधीने पायडलच्या आसाखालचा मळ पुसला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“आधी एक अक्षर, मग पाच आकडे. आता इथे बघा ताई. पुढच्या नळीवर नावाची पट्टी होती, ती गेलीय, पण भोकं राहिलीत. एकाखाली एक. बाकी सगळ्या कंपन्यांची भोकं शेजारी-शेजारी असायची. उभी भोकं एकाच कारखान्याची. तो बंद पडून चाळीस वर्षं झाली. ही माझ्याहून दोनच वर्षांनी लहान असेल.”

“म्हणजे आता हिचे गुडघे दुखायचे दिवस.”

“हिचे कसले दुखतायत? माझे दुखतात.” त्याने पुढचं चाक काढलं, आसातले छर्रे तळहातावर घेतले आणि ग्रीस दोन बोटांत चोळून पाहिलं. मग पुन्हा चोळलं. “ताई, हे महिन्याभरातलं ग्रीस आहे. मऊ लोणी. एवढी निगा राखणारा माणूस सायकल टाकतो होय?”

“त्याने नवी घेतली असेल. आपलं काम वाचलं, हे बरं नाही का?”

वस्ताद काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ते राहिलंच.

काम तिने घरीच केलं, दुपारी मुलगी झोपली की मागच्या गॅलरीत. कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं. गंज म्हणजे काय ते तिला ऐकीव माहितीवरून शिकायचं नव्हतं. हँडल तिने व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्यांत रात्रभर गुंडाळून ठेवलं आणि सकाळी अॅल्युमिनियम फॉइलच्या चुरगळलेल्या गोळ्याने घासलं. तपकिरी पाणी ओघळलं आणि खालून तिचाच चेहरा वर आला. चेपलेलं मडगार्ड वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने आतून ठोकलं. आवाज होऊ नये म्हणून हातोडीला मोजा चढवला. चाक सरळ करायला वस्तादने एकच गोष्ट शिकवली: खडू स्थिर धरायचा, चाक फिरवायचं, जिथे खडू घासेल तिथल्या समोरच्या बाजूच्या तारा पाव वळसा आवळायच्या. “पावच हं. अर्धा घेतलात की चाक रुसतं.” तिने तीन दुपारी पाव-पाव वळसे घेतले. चौथ्या दिवशी चाक फिरलं आणि खडू कोराच राहिला. एवढा आनंद तिला पदवीच्या निकालानेही झाला नव्हता.

काळा रंग तिने खरवडला नाही. साबणाने धुतल्यावर त्यातून सोनेरी रेघ निघाली, केसाएवढी, हाताने ओढलेली. एका ठिकाणी किंचित हललेली. कुणाला तरी त्या क्षणी शिंक आली असावी.

दोन गोष्टी मात्र तिला खटकल्या. सीटचं कातडं उजव्या बाजूला जास्त दबलेलं होतं. आणि पायडलचे लोखंडी दांडे एकसारखे नव्हते. डावा उजव्यापेक्षा चांगला तीन बोटं आखूड. ‘कुणा अर्धवट मिस्त्रीने मिळेल तो दांडा ठोकून दिला,’ ती मनाशी म्हणाली. भंगारवाल्याकडून तिने पूर्ण लांबीचा जुना दांडा शोधून आणला, त्याची खीळ ठोकून पक्की केली आणि आखूड दांडा दार आपटू नये म्हणून उंबऱ्यापाशी अडकण ठेवला. अडकण फारच छान झाली. जड आणि मापाची.

या सगळ्या दिवसांत वरून मधूनमधून खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. खर्र... थांबायचा... खर्र.

“बाइंडर घर लावतायत वाटतं,” ती वैतागून म्हणायची.

“रोज?” सासूबाई वर बघायच्या. पण मुलगी हात पुढे करायची आणि विषय तिथेच राहायचा.

दहाव्या दिवशी सकाळी ती सायकल घेऊन दिमाखात दुकानात गेली. वस्तादने घंटी वाजवली, ब्रेक दाबले, चाक फिरवून त्याच्याकडे एका डोळ्याने बघितलं. “वा! उद्यापासून तुम्ही दुकानात बसा, मी बाळ सांभाळतो.” मग त्याने पायडल फिरवलं आणि हात थांबला.

“डावा दांडा कुठाय?”

“तो आखूड होता. बदलला मी.”

“आखूड होता की केलेला होता?”

“म्हणजे?”

“टोक कसं होतं? ओतीव, गोल? की कानस मारलेलं?”

तिला ते टोक डोळ्यांपुढे आलं. रोज दाराशी बघत होती की. “कानस मारलेलं. आणि भोकाचे आटे मागाहून पाडलेले दिसत होते.”

वस्ताद स्टुलावर बसला. “ताई, ती चूक नव्हती. तो इलाज होता. ज्याचा गुडघा वाकत नाही ना, त्याच्यासाठी दांडा कापून अलीकडे भोक पाडतात. पाय लहान वर्तुळात फिरतो, गुडघा वर येत नाही. मी आयुष्यात असे दोन केलेत. तो माणूस या दांड्याशिवाय दुसरी सायकल चालवू शकत नाही. तो ही टाकेल कशाला?”

डावा गुडघा वाकत नाही. म्हणजे चालताना पाय घासत येणार. ठक, सर्र.

मग बाकीचं एकामागून एक आपोआप जुळलं, आणि ते जुळताना थांबवता येईना. ताजं ग्रीस. फळ्यावरची सूचना. फुटक्या बादलीसाठी लोक धावत खाली गेले, आणि एवढ्या जिवापाड जपलेल्या सायकलवर नंबर चिकटवायला मालक आला नाही, कारण त्याला खाली येताच आलं नाही. आवाज बंद झाला तो तिच्या चिठ्ठीमुळे नव्हे. आणि ती गेले दोन आठवडे त्या शांततेचं कौतुक करत बसली होती.

गप्प झालेल्याकडे धावत जा. ती धावली नाही, सायकलवर टांग टाकली. लांब दांड्याने डावा गुडघा दर फेरीला पार वर येत होता, आणि दर फेरीला तिला कळत होतं की हे त्या माणसाला कधीच जमलं नसतं.

तिसऱ्या मजल्यावरूनच तिने हाक मारली, “आई, वर या! तुमची औषधांची पिशवी घेऊन या!” सासूबाईंनी का म्हणून विचारलं नाही. नात काखेला, पिशवी खांद्याला, आणि वयाला न शोभणाऱ्या वेगाने त्या मागोमाग चढल्या.

दारावर थाप मारली. आतून खर्र... खर्र... आवाज जवळ येत थांबला.

“कडी काढलीय,” आतून खोल गेलेला आवाज आला. “पण दार हळू ढकला हं. कुरकुरतं. खाली बाळ झोपलेलं असतं.”

तिला त्या वेळी काय वाटलं ते तिने पुढे कुणालाही सांगितलेलं नाही.

बाइंडर खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. पायांत पायमोजे. उजवा गुडघा भोपळ्याएवढा.

“बसा आधी,” सासूबाईंनी नात तिच्याकडे दिली. “कुठला पाय?”

“चांगला तो.”

“चांगला कुठला?”

“डावा तीस वर्षांपूर्वीच संपावर गेला. आता उजव्यानेही त्याला पाठिंबा दिलाय.”

“पडलात कधी?”

“झाले असतील बारा-तेरा दिवस. बूट हातात घेऊन उतरत होतो. पहिल्याच पायरीवर मोजा घसरला. बसत-बसत घरात आलो. फोन महिनाभर बंद, आणि तक्रार लिहून द्यायला खाली जावं लागतं.” ते हसले. “बिस्किटांचे डबे होते. नळ होता. काही बिघडलं नाही.”

“हाक मारायची होती ना!” तिचा आवाज चढला आणि फुटलाही.

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या कडेवरच्या मुलीकडे. “हीच का ती? अक्षर छान आहे तुझं, पोरी. रेघा सरळ येतात. मी ती चिठ्ठी जपून ठेवलीय.”

सासूबाईंनी कपाळाला हात लावला, गुडघा दाबून बघितला, जिभेचा रंग पाहिला. “मोडलेलं वाटत नाही, पण फोटो काढल्याशिवाय मी सांगणार नाही. ताप आहे. पाणी पुरेसं पोटात गेलेलं नाही. अजून तीन दिवस गेले असते तर...” एरवी त्या कधी वाक्य अर्धं सोडत नसत. “आता ही गाडी बोलावते, मी तुमच्याबरोबर येते, आणि बोलायचं काम नाही.”

“माझी सायकल तेवढी तळघरात—”

“माझ्याकडे आहे, आजोबा,” ती म्हणाली. “पण मी तिचा सत्यानाश केलाय. डावा दांडा बदलला.”

बाइंडर पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. “जुना टाकला?”

“दाराशी अडकण म्हणून ठेवलाय.”

त्यांनी श्वास सोडला. “मग ठीक आहे. तो माझ्या बायकोने कापून घेतला होता. स्वतः मिस्त्रीच्या डोक्यावर उभी राहिली होती मापं घेत.”

त्या दुपारी मुलगी झोपल्यावर तिने लांब दांडा ठोकून काढला आणि आखूड दांडा पुन्हा बसवला. हातोडीला मोजा चढवला नाही. मुलगी जागी झाली, रडली, आणि ती तिच्याकडे चालत गेली.

गुडघ्यातलं पाणी काढलं, पाय बांधला, सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत वरच्या दाराची एक किल्ली खालच्या घरात आली आणि खालच्या घरातली सुटी पडलेली तीन पुस्तकं वरून शिवून आली. मग एका पहाटे पाच वाजता जिन्यावर ठक, सर्र झालं. बूट घातलेले. मुलगी उठून बसली, दाराकडे बोट केलं आणि म्हणाली, “थक!” नवरा उशीखाली डोकं घालून ओरडला, “त्यांना परत एक चिठ्ठी लिही!” त्याला काय उत्तर मिळालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून भेटेल त्याला ती एकच प्रश्न विचारते, आणि हे वाचणाऱ्यालाही तिचं तेच विचारणं आहे. तुमच्या वर, खाली, भिंतीपलीकडे रोज कुणाचा तरी आवाज येतो. खोकल्याचा, नळाचा, कुलपाचा, काठीचा. तुम्हाला त्याचा त्रासही होत असेल. तो शेवटचा कधी ऐकलात? आठवत नसेल, तर हे वाचायचं ठेवा बाजूला, पायांत बूट घाला, आणि एकदा वर जाऊन दार वाजवून या.