न धरलेलं बोंड

"ही बघा, आजबी गळाली!"

सुपरवायझर रामप्रसादने ओंजळभर कोवळी बोंडं दैवशालाच्या पायाशी टाकली. वाटूरजवळच्या त्या बियाण्याच्या प्लॉटवर वीसेक बाया हातातलं काम थांबवून बघत राहिल्या.

"देशी कपाशीला अमेरिकनचा पराग लावायला सांगितला, तर दोनशे फुलांत एक बोंड टिकंना. तुमचा हात बिघडला, मावशी. उद्यापासून येऊ नका."

दैवशालाच्या कानशिलांत रक्त चढलं. संध्याकाळी कळीतले केसर काढायचे, सकाळी पराग लावून खुणेचा दोरा बांधायचा; बावीस वर्षं ती हेच करत आली होती. नवऱ्यामागे दोन लेकी याच बोटांवर वाढल्या. हात बिघडल्याची बातमी पसरली, की तिला कुठल्याच प्लॉटवर कोणी उभं करणार नव्हतं.

"हात न्हाई बिघडला." ती पुढे आली. "तुम्ही सोत्ता लावा पन्नास फुलांना. तीच झाडं, तोच पराग. मी शेजारी अमेरिकनच्या पन्नास फुलांना अमेरिकनचाच लावते. आठ दिवसांनी बघू."

"अन् तुमची गळाली तर?"

"मंग या कामाला परत हात लावणार न्हाई. कुठंच."

त्या आठवड्यात तिला घास गोड लागला नाही. रोज सकाळी ती बांधावर येऊन उभी राही. चौथ्या दिवशी तिचीच दोन बोंडं खाली पडलेली दिसली, तेव्हा तिने राहिलेली पुन्हा मोजून पाहिली. रामप्रसाद नुसता हसला.

आठव्या दिवशी कंपनीच्या शास्त्रज्ञ साधना मॅडम आल्या. दैवशालाची शेहेचाळीस बोंडं ताठ उभी होती. रामप्रसादच्या झाडांवर नुसते दोरे लोंबत होते.

"यात कुणाच्याच हाताचा दोष नाही," मॅडम म्हणाल्या. "या दोन्ही कपाशींचं मूळ एकच. पण वाढल्या दूरदूरच्या मुलखांत. लाखो वर्षं एकीचा पराग दुसरीला मिळालाच नाही. दोन्हीकडे थोडंथोडं बदलत गेलं, आणि आता त्या दोन वेगळ्या जाती झाल्यात. फुलं सारखी दिसतात, पण दाणा धरत नाही. नव्या वाणासाठी हजारात एखादं टिकलं तरी पुरे होतं. तसं तुम्हाला लिहूनही पाठवलं होतं मी, रामप्रसाद."

रामप्रसादने मान खाली घातली. "या उद्यापासून, मावशी," तो पुटपुटला.

"बायांपुढं काढलं व्हतं. बायांपुढंच सांगा."

तो बायांकडे वळला. "मावशीचा हात बराबर हाय. चूक माझी व्हती."

बाया पुन्हा ओळींत वाकल्या. दैवशालाने मातीतलं एक गळालेलं बोंड उचललं, नखाने उकललं. आतल्या इवल्या बिया सुकून काळ्या पडल्या होत्या. ते पदराच्या टोकाला बांधून ती घराकडे निघाली.