दोन माणसांची गाडी

गाडी लाल, बुटकी, विलायती. माणसं बसायची दोनच. साखर कारखान्यातले एक साहेब गाव सोडून चालले हुते, ते ती विकनार हुते, अन् आमचे हे, सूर्यभान, तिच्यापायी येडे झालेले. मामंजींनी सगळ्या घराला ओसरीवर बसवून विचारायचं ठरवलं. मी दाराआड उभी.

मला ती गाडी हवीच हुती. लग्नाला सहा वरसं झाली, कूस उजवली नव्हती. नगरच्या डॉक्टरीनबाईनं मला तपासून हळूच सांगितलं, "तुझ्यात काही खोट नाही. नवऱ्याला घेऊन ये." पर हे ह्यांना सांगायचं कुठं? घरच्या जीपमधी सासू, आत्याबाई, आमच्या दोघांच्या मधी. रात्री कुडापल्याड त्याच, अन् मांजर चाललं तरी जाग्या. अक्षय्य तृतीयेला आपली भाची ह्यांना दुसरी बायकू म्हनून करून द्यायचं त्या उघड बोलत हुत्या.

"पळती कशी, आबा!" हे म्हनले. "चहा थंडा व्हायच्या आत नगर. वळनावर तर रस्त्याला चिकटून चालती."

"अन् आपल्या चाकोरीत पोट घासंल, त्याचं काय?" मामंजी म्हनले. "पोतं ठेवायला जागा न्हाई. एक नळी फुटली तर मुंबई गाठावी लागंल. पेट्रोल तर म्हशीवानी पिती."

"दोघंच बसनार?" आत्याबाई म्हनल्या. "मग आमी काय मागं पळायचं?"

गाडी गेली हातची, असं मला वाटलं. मी दाराआडनं बोलले, "बरंच झालं बाई. मी मेले तरी त्यात बसायची न्हाई. भ्या वाटतं."

"लई नाजूक लागून गेलीस!" आत्याबाई कडाडल्या. "घ्या वो ती गाडी. कशी बसत न्हाई, बघते मी!" मी न्हाई म्हनलं की त्यांनी व्हय म्हनायचं, हे मला सहा वरसांत पाठ झालेलं.

गाडी दारात आली त्या पहिल्याच दिशी आत्याबाईंनी मला दंडाला धरून गाडीत कोंबलं. नगरच्या वाटेला राहुरी मागं पडली. तवा मी म्हनलं, "थांबवा. बोलायचंय."

ह्यांनी लिंबाखाली इंजिन बंद केलं. मी तोंड उघडायच्या आत हेच बोलले, माझ्याकडं न बघता.

"गोजर, मी पुन्याला तपासून आलोय. खोट माझ्यात हाय. घरात सांगायला जागा घावंना, म्हनून तर ह्या गाडीचा हट्ट धरला."

रडावं का हसावं, कळंना. मग एकदम जिवाची आग झाली. "कवा तपासलं?"

"दिवाळीत."

दिवाळीपासनं मी गुरवार धरले, अनवानी शिर्डीला गेले, दारादारात 'वांझोटी' ऐकलं. अन् ह्यांना सगळं ठावं हुतं!

हे रडत हुते. हात धरायला आले, मी दिला न्हाई.

"आईला कसं सांगू गं?"

"तुमी बसा हितं रडत. मी जाते चालत, अन् सांगते," म्हनलं अन् दार उघडून खाली उतरले. तवा कुठं ह्यांनी किल्ली फिरवली, अन् गाडी घराकडं वळवली.