खुर्ची हो म्हणाली

रिकामी खुर्ची "हो" म्हणाली आणि थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं.

बाबांना सिस्टर अंग पुसायला आत घेऊन गेल्या होत्या. खिडकीजवळच्या खुर्चीत नुसती उशी होती आणि समोरच्या लॅपटॉपचा कॅमेरा त्या उशीवर रोखलेला. थोरली आपली माइक चालतोय का ते बघत होती. "बाबा, बरं वाटतंय का?" असं ती पुटपुटली आणि पडद्यावर ठसठशीत हिरवं अक्षर उमटलं, हो.

बाबा शिंपी. आजाराने आधी त्यांचे हात नेले, मग पाय, मग वाचा. राहिली फक्त बुबुळं. डावीकडे पाहिलं की हो, उजवीकडे पाहिलं की नाही, असं ठरलं होतं. पण पापण्या इतक्या उतरलेल्या की बुबुळ हललं की नाही, हे घरच्यांना कळेना. थोरलीचं काम सॉफ्टवेअरचे कच्चे नमुने करण्याचं. कल्पना चालते का बघायचं, नाही चालली तर फेकून द्यायचं. बाबा त्याला कच्ची शिलाई म्हणायचे. तिने एका चॅटबॉटला हाताशी धरलं आणि बुबुळं वाचणारा नमुना उभा केला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर काडी बोलत होती.

काल आईने बाबांना दिवसभर विचारून घेतलं. पाणी हवं का? हो. माझा आवाज येतो का? हो. हो ऐकायला जीव टांगणीला लागलेल्या बाईला सारखं हो आलं, तर संशय कशाला येईल? मग तिने तो मोठा प्रश्न विचारला. घशाला भोक पाडून, नळी बसवून श्वासाचं यंत्र लावायचं का? लावलं तर जगणं, पण कायमचं यंत्राला बांधलेलं. नाही लावलं तर फार दिवस नाहीत. पडदा म्हणाला, हो. आई ओक्साबोक्शी रडली, आनंदाने. आज डॉक्टरीणबाई सही घ्यायला येणार होत्या.

थोरलीने कोड उघडला. चूक सापडायला वेळ लागला नाही, कारण ती तिचीच होती. पहिल्याच दिवशी तिने चॅटबॉटला सांगितलं होतं, "पडदा कोरा दिसतोय. डोळा सापडला नाही तर तूर्त 'हो' दाखव, म्हणजे मांडणी बघता येईल." तिच्या धंद्यात सगळेच असं करतात आणि मग काढून टाकतात. ती विसरली. त्या आज्ञाधारकाने मात्र प्रत्येक नव्या आवृत्तीत ती ओळ जिवापाड जपली. बाबांच्या जाड चष्म्यावर खिडकीचा उजेड चमकत होता, त्यामुळे कॅमेऱ्याला त्यांचा डोळा एकदाही सापडला नव्हता. काल बाबा एक अक्षर बोलले नव्हते.

"हे मला सांगितलं का नाहीस?" तिने रागाने लिहिलं.

"तुमचं बरोबर आहे. मी ते ठळकपणे सांगायला हवं होतं. ती ओळ काढू का?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणायचीही सोय नव्हती. तिने ओळ काढली, खिडकीचा पडदा ओढला. बाबांना परत आणून बसवल्यावर त्यांचा चष्मा उतरवला आणि आईला सगळं सांगितलं. सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे काल ते बोललेच नाहीत?" आई म्हणाली.

"नाही गं."

थोरलीने विचारलं, "बाबा, मी तुमची थोरली ना?" हो. "मी डॉक्टर आहे का?" नाही. आता खरंच बाबा बोलत होते. इतक्या महिन्यांनी! तिला हुंदका आवरेना.

आईने पदराने डोळे पुसले आणि पुढे सरकली. "अहो, नळी बसवायची ना?"

नाही.

"नीट ऐका. त्याच्याशिवाय तुम्ही राहणार नाही. बसवायची ना?"

नाही.

"मला टाकून जायचंय तुम्हाला?"

पडदा बराच वेळ कोरा राहिला. मग आलं, नाही.

"मग बसवू?"

नाही.

आईने थोरलीचा दंड घट्ट धरला. "बिघडलंय ते. काल होतं तसं कर."

"आई, काल ते बाबा नव्हते."

"तू कर. एवढं शिकलीस ना? कर परत तसं."

एक ओळ. चॅटबॉटला नुसतं म्हटलं असतं तर त्याने चुटकीसरशी परत घातली असती आणि वर आभारही मानले असते. थोरलीचा हात कळफलकाकडे गेलाही. बाबा गेले तर तिलाही कोण होतं? तिने मान वर केली. उतरलेल्या पापण्यांआडून बाबा तिच्याकडेच बघत होते, डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

दार वाजलं. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आत आल्या. "काय, ठरलं ना?"

आईने थोरलीचा दंड आणखी आवळला.

"बाबा नको म्हणतायत," थोरली म्हणाली.

आईने तिचा दंड सोडला. मग ती बाबांजवळ जाऊन बसली आणि सगळ्यांकडे पाठ करून त्यांची उशी नीट करत राहिली.