तीन नऊंचा देव

भांडुपच्या त्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये मालक श्यामकांत सरांचा देव एकच, पॉइंट नाइन नाइन नाइन. शिशाचं प्रमाण ठाऊक असलेली पाच द्रावणं मशीनला पाजायची, पाच ठिपके पडले की त्यांतून रेघ ओढायची आणि त्या रेघेवर गिऱ्हाइकांचं पाणी मोजायचं. ठिपके रेघेला जितके चिकटून, तितका आकडा एकाच्या जवळ. तीन नऊ आले नाहीत तर सरांना जेवण जायचं नाही.

त्या दिवशी ठिपके रुसले. आकडा आला पॉइंट नाइन फोर.

"सर, द्रावणं जुनी झालीत," दर्शना म्हणाली. लॅबची एकुलती एक केमिस्ट, तोंडाने फटकळ. "ताजी करते. दुपार जाईल."

"दुपार? रिपोर्ट आत्ता जायचेत! तो वरचा आगाऊ ठिपका उडव."

उडवला. पॉइंट नाइन सेव्हन. खालचा उडवला. पॉइंट नाइन नाइन. सरांच्या अंगातच आलं. "अजून एक!" उरले दोन ठिपके, आणि स्क्रीनवर चक्क एक. पूर्ण एक!

"बघितलंस? झकास!"

"सर, दोन खिळ्यांना दोरी ताणली तर ती सरळच राहणार ना?"

"शहाणपणा नको. मोज."

सगळ्या बाटल्या पास. मुलुंडच्या शाळेची टाकीसुद्धा. सरांनी सह्या ठोकल्या, रिपोर्ट धाडले आणि समोसे मागवले.

तेवढ्यात बायकोचा, शर्मिष्ठाबाईंचा फोन. "अहो, आपल्या टाकीचं पाणी पाठवलंय मी, सोसायटीच्या नावाने. तुम्हाला सांगितलं असतं तर न तपासताच पास म्हणाला असता. प्रांजलची दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवतो ना आपण. काय आलं?"

'पास' म्हणायला सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. "बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला. हातातला समोसा परत पुड्यात ठेवला.

"दर्शना, ताजी द्रावणं कर. पाचही. एकही ठिपका उडवायचा नाही."

"आणि तीन नऊ?"

"खड्ड्यात गेले तीन नऊ! आमच्या सोसायटीची बाटली आहे त्यात, माझा नातू पितो गं ते पाणी!"

दर्शनाचा जीव भांड्यात पडला. तिने सगळ्या बाटल्या पुन्हा रांगेत मांडल्या, शाळेची सगळ्यात पुढे.

"ती कशाला? त्यांचे रिपोर्ट गेले. फक्त आमची घे."

दर्शनाने सरांची बाटली उचलली आणि होती तिथे परत ठेवून दिली.

"मग तुमच्या बाटलीला काय धाड भरलीय, सर? पास आहे की. पूर्ण एकावर!"

सरांनी फोन उचलला आणि शाळेचा नंबर लावला.